कोरियन आर्टवरची पुस्तकं, अर्काइव्ह आणि त्यामागचा सरकारी पैसा: साडेतीन स्टार, आणि ते का

निकाल आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी इथेच सुटावं. कोरियन समकालीन कलाकारांवर संशोधन करायला आणि पुस्तकं काढायला दक्षिण कोरियात जी काही मदत मिळते, म्हणजे सरकारी अनुदान, म्युझियमची अर्काइव्ह (कलाकारांचे जुने कागद जपायची जागा), भाषांतराचा खर्च, हे सगळं एकत्र धरून मी पाचपैकी साडेतीन स्टार देईन. त्यात अर्काइव्हना पाच आणि जाडजूड चकचकीत मोनोग्राफना (म्हणजे एकाच कलाकारावरच्या पुस्तकांना) दोन, सरासरी बरोब्बर निघते.

मी चित्रकार नाही, गॅलरीत कामाला नाही, कुणाचं चित्र विकलं गेलं तर मला कमिशन मिळत नाही. आर्टवरचे लेख एडिट करते, कोरियनमधून इंग्रजीत आलेले ड्राफ्ट तपासते, आणि त्या नादात ही पुस्तकं इतकी वाचली, चाळली, उचलून घरी नेली की पाठीचं दुखणं मागे लागलंय (गंमत नाही, आर्ट पेपरवर छापलेला ठोकळा बॅगेत घालून सोलच्या मेट्रोचे जिने चढून बघा एकदा). कोरियन येतं मला, पण सावकाश वाचते. म्हणजे हा रिव्ह्यू वाचणाऱ्याच्या बाजूने आहे, अनुदान देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या नाही. तुमच्यापैकी कुणी आर्ट हिस्टरी करत असेल, फाइन आर्टला असेल, किंवा के-ड्रामा बघता बघता मागच्या भिंतीवरचं चित्र कुणाचं असा प्रश्न पडून या बाजूला आला असेल (असे बरेच जण असतात, लाजू नका), तर तुमच्या कामाचं आहे.

आता एवढा पैसा मुळात का ओततायत ते आधी कळायला हवं. डानसेखवा हे नाव ऐकलं असेल तुम्ही, १९७० च्या दशकातली ती एकरंगी, पांढरी, करडी, मातकट चित्रं. पार्क सोबो ओल्या रंगावर पेन्सिलीने रेघा ओढत राहायचे, हा चोंगह्योन गोणपाटाच्या मागच्या बाजूने रंग दाबून पुढे काढायचे, युन ह्योंगकुन निळा आणि तपकिरी मिसळून कच्च्या कापडावर काळपट खांब उभे करायचे. १९७५ ला टोकियोच्या एका गॅलरीत पाच कोरियन चित्रकारांचं पांढऱ्या रंगावरचं प्रदर्शन झालं, जपानमध्ये थोडं नाव झालं, पण युरोप-अमेरिकेत पुढची कित्येक वर्षं त्यांना फारसं कुणी विचारलं नाही. मग २०१२ मध्ये सोलजवळच्या ग्वाचॉनच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये समीक्षक यून जिनसोप यांनी डानसेखवाचं मोठं प्रदर्शन लावलं, २०१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक झालं, २०१५ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या) जोडीने एक झालं, आणि किमती अशा काही चढल्या की विचारू नका. आधीच्या पिढीतल्या किम ह्वानकी यांच्या निळ्या ठिपक्यांच्या एका मोठ्या चित्रावर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ८ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरला हातोडा पडला. २०२२ पासून फ्रीझ हा बडा आर्ट फेअर दर सप्टेंबरला सोलमध्ये भरायला लागला.

म्हणजे क्रम लक्षात घ्या, आधी बाजार आला आणि पुस्तकं त्याच्या मागून धावत आली. परदेशी कलेक्टर विचारतो की यांच्यावर इंग्रजीत वाचायला काय आहे, परदेशी क्युरेटर विचारतो की प्रायमरी सोर्स काय आहेत, आणि बऱ्याच वेळा उत्तर असायचं की कोरियनमध्ये ढीगभर आहे, इंग्रजीत चार पानांची प्रस्तावना आहे. मग सरकार जागं झालं. संस्कृती मंत्रालयाच्या हाताखाली २००६ पासून कोरिया आर्ट्स मॅनेजमेंट सर्व्हिस म्हणून एक संस्था आहे, कोरियन कला बाहेरच्या जगात पोचवणं हे तिचं एक मोठं काम. शिवाय राष्ट्रीय म्युझियम, सोल शहराचं म्युझियम, काही कॉर्पोरेट स्पॉन्सर, सगळे आपापल्या परीने या कामात आहेत. हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की जे छापलं जातं त्यात समीक्षा किती आणि ब्रोशर किती.

तर आधी वाईट बघू.

माझ्या टेबलावर आत्ता एक मोनोग्राफ पडलाय, कुणावरचा आणि कुणी छापला ते सांगत नाही, कारण असे बरेच आहेत आणि एकालाच धोपटणं बरं नाही. कापडी बांधणी, शीर्षक दाबून उठवलेलं, कागद इतका जाड की पान उलटताना आवाज येतो. फोटो अप्रतिम. पण मजकूर? सुरुवातीला एका परदेशी क्युरेटरचा निबंध, ज्यात शांतता, ध्यान, निसर्ग, पौर्वात्य अध्यात्म हे शब्द पहिल्या दोन पानातच येऊन जातात. मग कलाकाराची मुलाखत, ज्यात प्रश्न विचारणारा प्रश्नातच उत्तर देऊन टाकतो. मग एका कोरियन समीक्षकाचा जुना लेख भाषांतर करून टाकलाय, पण तो मुळात कधी छापून आला, कुठल्या मासिकात, कुठल्या वादाच्या संदर्भात, काही म्हणजे काही दिलेलं नाही, जणू कालच लिहिला. शेवटी जीवनपट, आणि तो म्हणजे निव्वळ प्रदर्शनांची यादी. १९८० हे साल आलं आणि गेलं, त्या वर्षी ग्वांगजूमध्ये लोकशाहीसाठी उठलेल्या लोकांना लष्कराने कसं चिरडलं याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, पण त्याच वर्षीच्या ग्रुप शोमधला सहभाग आहे. मला हे वाचून हसावं की रडावं कळेना. आणि या पुस्तकाला पब्लिक पैशाचा हातभार आहे, मागच्या पानावर लोगो आहे.

आता यावर कोणी म्हणेल की मोनोग्राफ असाच असतो, जगभर गॅलऱ्या असंच करतात. करतात ना. गॅलरीने स्वतःच्या पैशाने करावं, माझी काही तक्रार नाही. पण संशोधनाला मदत म्हणून दिलेला पैसा जर शेवटी सेल्स कॅटलॉगच्या बाइंडिंगमध्ये जाणार असेल तर मग त्याला संशोधन तरी म्हणू नका.

याचं एक कारण कॅलेंडर आहे, आणि हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. कोरियात सरकारी आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर. अनुदान साधारण त्याच चौकटीत मंजूर होतं, खर्च करायचं आणि हिशेब देऊन मोकळं व्हायचं. जाहिरात, अर्ज, छाननी, निकाल, करार यात वर्षाचे पहिले काही महिने जातात, म्हणजे उरलेल्या वेळात लेखक शोधा, लिहून घ्या, भाषांतर करा, फोटोंचे हक्क मिळवा, डिझाइन करा, छापा आणि बिलं अपलोड करा. केंद्र सरकारच्या अनुदानांसाठी ई-नारादोउम म्हणून ऑनलाइन सिस्टिम आहे, २०१७ पासून, तिचं नाव काढलं की कला क्षेत्रातली माणसं कपाळाला हात लावतात, प्रत्येक खर्चाचा कागद तिथे चढवायचा. पैशाचा हिशेब हवाच, पब्लिकचा पैसा आहे, पण ज्या निबंधाला दोन वर्षांचं वाचन लागतं तो पाच महिन्यांत मागितला की लेखक काय करणार, जुनाच माल नव्या पॅकिंगमध्ये देणार. मी एका अशा प्रोजेक्टवर एडिटिंगचं काम केलंय जिथे भाषांतरकाराला शेवटचे दोन निबंध मिळाले तोवर प्रिंटरची तारीख ठरून गेली होती, आणि मी एका तळटीपेबद्दल विचारलं तर उत्तर आलं की तळटीपा काढून टाकल्या तर जागेचाही प्रश्न सुटेल. तळटीपा! संशोधनाच्या पुस्तकातून!

आणि मानधन. कोरियात लेखाचं मानधन मोजायची जुनी पद्धत म्हणजे दोनशे चौकोनांचा हस्तलिखिताचा कागद, एका चौकोनात एक अक्षर, आणि असे किती कागद भरले त्यावर पैसे. आज कोणी हाताने लिहीत नाही, तरी हिशेब त्याच कागदावर चालतो. म्हणजे जो लिहिण्याआधी सहा आठवडे अर्काइव्हमध्ये बसला त्याला आणि ज्याने एका दुपारी आठवणीतून लिहून दिलं त्याला, पानं सारखी तर पैसेही सारखेच. मग कोण बसेल अर्काइव्हमध्ये?

दुसरी गोष्ट नाजूक आहे पण बोलायलाच हवी. सरकारी पैशावर टीकात्मक लिखाण चालतं का? तिकडे धोरण असं की मदत करायची पण ढवळाढवळ करायची नाही, हे वाक्य सरकारी कागदांमध्ये नेहमी दिसतं. पण राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांच्या काळात काय झालं ते रेकॉर्डवर आहे. २०१४ च्या ग्वांगजू बिएनालेच्या वेळी होंग सुंगदाम यांच्या सेवोल जहाज दुर्घटनेवरच्या चित्रात राष्ट्राध्यक्षांना बाहुलीसारखं दाखवलं होतं, ते लावायलाच दिलं नाही. २०१६ मध्ये कलाकारांची ब्लॅकलिस्ट उघड झाली, त्यातल्या एका यादीत ९,४७३ नावं होती, यांना सरकारी मदत मिळू नये म्हणून. माजी मंत्री आणि राष्ट्राध्यक्षांचे माजी प्रमुख सचिव यांना या प्रकरणात अटक झाली, शिक्षा झाली. ते सरकार गेलं, चौकशी समिती बसली, सगळं झालं. पण माझ्या ओळखीतले काही लिहिणारे अजूनही अर्जात कुठला शब्द घालायचा आणि कुठला गाळायचा याचा विचार करतात, आणि सवय एकदा लागली की जात नाही. हे कुठल्या स्टार रेटिंगमध्ये बसवायचं मला माहीत नाही.

एवढं ऐकून वाटेल की मग साडेतीन तरी कशाला दिले. त्याचं उत्तर अर्काइव्ह.

युन ह्योंगकुन यांचंच घ्या. किम ह्वानकी यांचे जावई. त्यांचे ते काळे खांब मी आधी गॅलरीच्या पुस्तकांतच बघितले होते आणि तिथे सगळीकडे तेच, मौन, ध्यान, माती, आकाश. २०१८ मध्ये राष्ट्रीय म्युझियमच्या सोल शाखेत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं आणि तिथे चित्रांसोबत डायऱ्या, पत्रं, कागदपत्रं ठेवली होती. त्यातून जो माणूस समोर येतो तो वेगळाच आहे. कोरियन युद्धाच्या सुरुवातीला हा माणूस सरकारी कत्तलीतून थोडक्यात वाचला. १९७३ मध्ये मुलींच्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत असताना एका बेकायदा ॲडमिशनवर त्यांनी बोट ठेवलं, त्या ॲडमिशनमागे गुप्तचर खात्याचा हात होता, आणि त्यांना कम्युनिस्टविरोधी कायद्याखाली आत टाकलं. निमित्त काय, तर ते घालायचे ती टोपी लेनिनच्या टोपीसारखी दिसते! सुटून आल्यावर नोकरीची दारं बंद, मग पंचेचाळिशीच्या आसपास पूर्णवेळ चित्रं सुरू. तेव्हापासून रंग गेले आणि काळं आलं. आणि १९८० मध्ये, ग्वांगजूनंतर, ते सरळ उभे असलेले खांब तिरके झाले, एकमेकांवर कलंडायला लागले, रंग खाली ओघळायला लागला.

हे सगळं समजल्यावर तेच चित्र परत बघा आणि मग ते ध्यानधारणेचे निबंध वाचा. लाज वाटते हो. चित्र तेच आहे, कापड तेच आहे, फक्त मधे कुणीतरी बसून डायरी वाचलीये, तारखा जुळवल्यात आणि सांगितलंय की हे जूनमधलं आहे, मे महिन्यात ग्वांगजूत हे झालं. संशोधनाला मदत म्हणजे ही मदत. याचे पैसे द्या.

अर्थात याचं दुसरं टोकही आहे, की आता प्रत्येक डानसेखवा चित्रकाराला आपोआप हुकूमशाहीविरोधी म्हणायची फॅशन येईल. तसंही नव्हतं. १९८० च्या दशकातल्या मिनजुंग कलावंतांनी, म्हणजे ज्यांनी कामगार, शेतकरी, ग्वांगजू हे विषय घेतले त्यांनी, याच पांढऱ्या चित्रांवर तोंडसुख घेतलं होतं, की देशात काय चाललंय आणि तुम्ही रेघा कसल्या ओढताय. ह्योनशिल-ग्वा बारोन हा गट १९७९ मध्ये जमला, त्यात चित्रकार आणि समीक्षक दोन्ही होते, ओ युनसारखा लाकडी ठशांचा उस्ताद होता जो जेमतेम चाळिशीत १९८६ ला गेला, सुंग वानक्युंगसारखा समीक्षक होता ज्याने पुढे १९८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिनजुंग कलेचं प्रदर्शन लावायला हातभार लावला. हा वाद म्हणजे कोरियन आधुनिक कलेचा कणा आहे, आणि इंग्रजी मोनोग्राफमध्ये तो शोधून सापडत नाही, कारण दोन्ही बाजूंची चित्रं आज त्याच फेअरमध्ये शेजारशेजारी विकायची असतात.

अर्काइव्हमध्ये मात्र सापडतो. सोल म्युझियम ऑफ आर्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये प्योंगचांग-डोंग भागात खास आर्ट अर्काइव्ह उघडलं, डोंगराच्या उताराला, तीन इमारती. तिथे समीक्षक चोई मिन यांचा संग्रह आहे, हे त्या १९७९ च्या गटातलेच, कवी, भाषांतरकार, २०१८ मध्ये वारले, जाण्याआधी आपला आयुष्यभराचा संग्रह म्युझियमला देऊन गेले. किम योंगइक, किम छासोप, इम दोंगशिक अशा कलाकारांचेही कागद आहेत, वह्या, पत्रं, स्लाइड, निमंत्रणपत्रिका, अर्धवट सोडलेले आराखडे. वाचनकक्ष साधा, उजेड भरपूर, आजूबाजूला कुजबुजसुद्धा नाही. मूळ कागद बघायचा तर आधी बुकिंग करावं लागतं, हे योग्यच आहे. या जागेची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की कागदपत्रं हीच इथली हिरो आहेत, ती चित्राच्या बाजूला लावायची सजावट नाही.

हीच गोष्ट कलाकार सुंग नुंगक्युंग यांच्या कामाबद्दल वाचताना फार जाणवली. १९७४, युशिन राज्यघटनेचा, म्हणजे हुकूमशाहीचा काळ, सेन्सॉरशिप कडक. या माणसाने काय केलं, जून महिन्यात रोजचा पेपर घेतला, गॅलरीच्या भिंतीवर लावला, आणि ब्लेडने त्यातल्या बातम्या कापून काढल्या. बातम्यांच्या जागी भोकं, कडेच्या जाहिराती वगैरे तेवढ्या शाबूत. कापलेले तुकडे शेजारच्या पेटीत. दुसऱ्या दिवशी नवा पेपर. रोज हेच. आता अशा कामाचं उरतं काय? चित्र नाही, शिल्प नाही, फोटो आहेत, कात्रणं आहेत आणि त्यांच्या कलाकार गटाने स्वतः छापलेली पत्रकं आहेत. ती कुणी जपली नसती तर हे काम झालंच नाही असं झालं असतं. जुंग कांगजा यांचा १९६८ चा तो पारदर्शक फुग्यांचा हॅपनिंग (म्हणजे प्रेक्षकांसमोर एकदाच घडणारं काम), किम कुलिम यांची १९६९ ची फिल्म, सगळ्यांची हीच गत. २०२३ मध्ये सोलचं राष्ट्रीय म्युझियम आणि न्यूयॉर्कचं गुगेनहाइम यांनी मिळून या साठ-सत्तरच्या दशकांतल्या प्रयोगशील कलेचं प्रदर्शन केलं, आधी सोल, मग न्यूयॉर्क, मग पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस, आणि ते शक्य झालं कारण मागे वर्षानुवर्षं कुणीतरी कागद गोळा करत बसलं होतं. तेव्हाच्या पेपरवाल्यांनी यांची टर उडवली होती, ते लेखसुद्धा आज पुरावा म्हणून कामाला आले.

कागद गोळा करण्यावरून, किम दालजिन यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळकरी वयापासून मासिकांतली चित्रं कापून ठेवायचा छंद, पुढे राष्ट्रीय म्युझियममध्ये नोकरी, दर आठवड्याला गॅलऱ्या पालथ्या घालून कॅटलॉग आणि पत्रकं गोळा करायची, लोक त्यांना चालताबोलता कलाकोश म्हणायचे. २००१ मध्ये स्वतःची संशोधन संस्था काढली, पुढे अर्काइव्हचं म्युझियम केलं, सोलच्या होंगजी-डोंगमध्ये आहे. मला नेहमी वाटतं की कोरियन आर्टच्या संशोधनाला सगळ्यात मोठं अनुदान या एका माणसाच्या पायांनी दिलंय.

ग्वाचॉनला राष्ट्रीय म्युझियमचंही संशोधन केंद्र आहे, तिथे कलाकारांच्या कुटुंबांनी दिलेले संग्रह आहेत. जागा शहरापासून लांब आहे, मेट्रोने सोल ग्रँड पार्क स्टेशन आणि पुढे म्युझियमची बस, पण गेलात तर आत व्हिडिओ कलाकार नाम जून पाइक यांचा १,००३ टीव्हींचा मनोराही बघून घ्या, १९८८ चा, मधे काही वर्षं बंद होता, दुरुस्ती करून २०२२ मध्ये परत लावला. पाइक यांच्यावर काम करणाऱ्यांसाठी योंगइनचं नाम जून पाइक आर्ट सेंटर वेगळं आहेच, त्यांची प्रकाशनं मला आवडतात कारण तिथे पाइक यांची थोरवी गात बसण्यापेक्षा त्यांच्याशी वाद घालणारे लेखही मिळतात.

भाषांतराबद्दल थोडं. माझं पोट त्यावर आहे म्हणून पक्षपाती म्हणा हवं तर. इंग्रजीत कोरियन कलाकारांची नावं आता सगळ्यांना माहीत झालीत, पण ली इल, ओ ग्वांगसू, किम बोकयोंग, सुंग वानक्युंग ही समीक्षकांची नावं किती जणांना माहितीयत? आणि पूर्ण चळवळींना शब्द यांनी दिले. यांचे लेख सलग, तारखांसह, मूळ कुठे छापले त्या माहितीसह भाषांतरित करून ठेवणं हे सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात कमी फोटो येतील असं आणि सगळ्यात गरजेचं काम आहे. जेव्हा जेव्हा पब्लिक पैसा यासाठी वापरला गेलेला दिसतो तेव्हा मी मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याला चहा पाजते. एक प्रॅक्टिकल टिप, सर्च करताना नाव हांगुल या कोरियन लिपीतच टाका, रोमन स्पेलिंग प्रत्येक पुस्तकात निराळं असतं आणि त्या नादात निम्मे रिझल्ट हातचे जातात.

वितरण हा आणखी एक घोळ. पब्लिक पैशाने निघालेली बरीच पुस्तकं विक्रीसाठी नसतात, मागे तसं छापलेलंच असतं, म्हणजे थोड्या प्रती छापायच्या, लायब्ररींना आणि संबंधितांना वाटायच्या, संपलं. दोन वर्षांनी तुम्हाला हवं असेल तर सेकंडहँडवाल्याच्या दारात उभे राहा, तो सांगेल ती किंमत. आता इथे बीटीएसचा आरएम येतो. हो, तोच. २०२० मध्ये आपल्या वाढदिवसाला त्याने राष्ट्रीय म्युझियमच्या फाउंडेशनला १० कोटी वॉन दिले, कशासाठी, तर आउट ऑफ प्रिंट झालेली किंवा मिळायला अवघड झालेली कोरियन कलाकारांची पुस्तकं परत छापून गावोगावच्या लायब्ररी आणि शाळांना द्यायला. युन ह्योंगकुन त्यात होते, किम ह्वानकी होते. एका पॉप स्टारला जे सुचलं ते धोरण करणाऱ्या कमिट्यांना का सुचत नाही देव जाणे. पीडीएफ टाका ना फुकट, पैसा लोकांचाच आहे. फोटोंच्या हक्कांची अडचण असते हे मान्य, मग नुसता मजकूर टाका.

छोट्या प्रकाशकांकडे वळाल तर मूडच बदलतो. सोचोन भागात द बुक सोसायटी नावाचं दुकान आहे, २०१० पासूनचं, ते स्वतः मीडियाबस या नावाने पुस्तकंही काढतात. दुकान मोठं नाही पण दोन-तीन तास सहज जातात. पातळ, साधी, स्टेपल मारलेली, दोनदोन रंगांत छापलेली पुस्तकं, आणि आतला मजकूर मात्र धारदार, तरुण समीक्षक एकमेकांना नावानिशी खोडून काढतायत, कुठल्या बिएनालेने काय माती खाल्ली ते स्वच्छ लिहितायत. दरवर्षी अनलिमिटेड एडिशन नावाचा आर्ट बुक फेअर भरतो, २००९ पासून, तिथे तर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे वाचणारे आहेत, विकत घेणारे आहेत. यातल्याही काहींना सरकारी मदत असते, लोगो इथेही दिसतात, त्यामुळे पैसा आला की धार जाते असं सरसकट म्हणता येत नाही. फरक मला एवढाच दिसतो की इथे कलाकाराची गॅलरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली नसते.

आता घ्यायचं काय आणि सोडायचं काय. एखादा मोनोग्राफ महाग वाटत असेल तर आधी मागची पानं उघडा, पुढची नाही. जीवनपटात फक्त प्रदर्शनं आहेत की माणूसही आहे, जुन्या लेखांना मूळ तारीख आहे का, फोटोंखाली कागदपत्र कुठल्या संग्रहातलं ते दिलंय का, निदान एक तरी निबंध असा आहे का ज्यात कलाकाराचं एखादं काम फसलं असं म्हटलंय. चारही नसतील तर फोटोंसाठी घ्या, शोभून दिसेल. म्युझियमचे कॅटलॉग सहसा जास्त भरवशाचे, विशेषतः ज्यात मागे कागदपत्रांचा विभाग असतो ते. इंग्रजी आवृत्ती कोरियनपेक्षा बारीक दिसली तर अनुक्रमणिका जुळवून बघा, काय गाळलंय ते बघण्यातच अर्धी समीक्षा असते.

आणि अर्काइव्हला जाणार असाल तर सोमवार टाळा, प्योंगचांग-डोंगलाही सुट्टी आणि ग्वाचॉनलाही. प्योंगचांग-डोंगला मेट्रो जात नाही, ग्योंगबोकगुंगच्या बाजूने बस घ्यावी लागते, चढ आहे, बूट बरे घाला. मूळ कागद मागवायचे असतील तर काय बघायचंय त्याची यादी हांगुलमध्ये लिहून न्या, खूप वेळ वाचतो.